हेल्मेट अठराशेचं की साडेसात हजारांचं?

पत्राचा गोषवारा: गोव्यात साखळी या गावाजवळ राहणाऱ्या, हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. रक्तातली साखर वाढायला लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी २४,००० रुपयांची हायब्रिड सायकल घेतली. आता आठवड्यातून तीन दिवस पहाटे मयेच्या तळ्यापर्यंत फेरी असते आणि रविवारी म्हापसा-पणजीकडच्या एका ग्रुपबरोबर लांबची राईड. डिसेंबरात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) पूर्ण करायची, असं त्यांनी मनाशी धरलंय. ग्रुपमध्ये बहुतेकांकडे कार्बन फायबरच्या हलक्या फ्रेमच्या सायकली आहेत. केरी सोडून चोर्ला घाट लागला की या मागं पडतात, बाकीचे वरच्या वळणावर थांबतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "टीचर, आता अपग्रेड कराच." त्यांनी यादी केलीय: कार्बनची रोडबाईक २,१०,०००, जीपीएस कॉम्प्युटर २८,०००, रडारवाला टेललाईट १८,०००, क्लीटचे बूट आणि पेडल १४,०००, जर्सी आणि पॅडवाल्या शॉर्ट्स ११,०००, गॉगल ९,०००. एकूण २,९०,००० रुपये. मुदत ठेव मोडली तर जमेल, पण मुलगा बारावीत आहे. मिस्टर म्हणतात, "पोदेर (पाववाला) रोज गावभर सायकल मारतो, त्याला कुठं लागते पाच हजारांची चड्डी?" हेल्मेट साडेसात हजारांचं घेतलं आणि घरी अठराशे सांगितलं, तेही त्या लिहितात. "हा खर्च खरंच कामाचा आहे, की या वयात मला वेड लागलंय?"

प्रिय टीचर,

ग्रुपमध्ये तुम्हाला याच नावानं हाक मारतात, तर मीही तीच मारते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात आकडाच डोळ्यांत भरला. दुसऱ्या वाचनात, यादीत काय काय नाही ते दिसलं. सीट नाही. पुढचा दिवा नाही. टायर नाहीत. मडगार्ड नाही. "दीड तासानंतर बसायची जागा बधिर होते" हे वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, कडेला जागा उरली म्हणून लिहावं तसं लिहिलंय. त्यावर इलाज म्हणावा अशी यादीत एकच वस्तू आहे, त्या शॉर्ट्स. बाकी यादी रविवारी चहाच्या टपरीबाहेर टेकवून ठेवलेल्या सायकली बघून झालेली दिसते. खर्च कामाचा आहे का, असं तुम्ही विचारता. आधी काम कोणतं ते ठरवू.

काम ब्रेव्हेचं असेल तर हिशोब सरळ आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे ताशी १५ किलोमीटरहून किंचित कमी वेग, आणि त्यात चहा, जेवण, पंक्चर, नियंत्रणबिंदूवर कार्डावर शिक्का घेणं, सगळं आलं. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. पहिला आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांची नोंद सारखीच होते, क्रमांक कोणालाच नसतो. सपाट रस्त्यावर तुम्ही ताशी वीसनं जात असाल (मयेच्या फेरीचं अंतर आणि वेळ तुम्ही दिलीय, त्यावरून जाताच), तर सीटवर दहा तास आणि हातात साडेतीन तास शिल्लक. तुमच्या २४,००० च्या सायकलवर हे होतं. अडचण वेगाची नाहीच. दीड तासात बधिर होणारं शरीर दहा तास कसं बसणार, ही अडचण आहे. दोन लाखांची सायकल घेतलीत आणि तिची सीट तुम्हाला बसली नाही, तर तीही दीड तासात बधिरच करेल. उलट रोडबाईकवर माणूस जास्त पुढं झुकतो, त्यामुळं दाब सरकून आणखी नाजूक जागी येतो.

आता चोर्ल्याचं बोलू, कारण मनाला लागलंय ते तिथंच. तुमचं वजन तुम्ही लिहिलंय ६२ किलो. हायब्रिड साधारण १३ किलोची, पाण्याच्या बाटल्या आणि बारीकसारीक धरून दोन किलो. एकूण ७७. कार्बनची सायकल साडेआठची धरली तर साडेचार किलो कमी होतात, म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम सहा टक्के. चढावर बहुतेक ताकद वजन वर न्यायलाच जाते, तेव्हा तासाभराच्या चढात तुमची साडेतीन मिनिटं वाचतील. २,१०,००० भागिले साडेतीन. मिनिटाला साठ हजार रुपये पडले. बाकीचे वरच्या वळणावर दहा-पंधरा मिनिटं वाट बघतात, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे एवढं करून ते वाट बघणारच, फक्त थोडी कमी.

आणि एक गोष्ट ग्रुपमधले तज्ज्ञ बहुधा सांगणार नाहीत, कारण त्यांचे पाय वेगळे आहेत. तुमच्या हायब्रिडला पुढं तीन चकत्या आहेत. सर्वांत लहान चकतीचे दाते मोजा. बहुतेक २८ निघतील. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३२ असतील. म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की मागचं चाक पाऊण फेऱ्याहून थोडं जास्त फिरतं. दुकानात दाखवतात त्या बहुतेक रोडबाईकना पुढं लहान चकती ३४ ची आणि मागं मोठी ३० किंवा ३४ ची. तिथं एका फेऱ्याला चाक एक पूर्ण फेरा किंवा त्याहून जास्त फिरतं. ३० वाली घेतलीत तर सर्वांत हलका गिअर आजच्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के जड पडेल. म्हणजे वजनात सहा टक्के कमावले आणि गिअरमध्ये त्याच्या कितीतरी पट घालवले. तीव्र वळणावर पाय अडकला की साडेआठ किलोची सायकलसुद्धा हातानं ढकलावी लागते. याउलट, सध्याच्या सायकललाच मागं ३४ किंवा ३६ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसते का, ते चांगल्या मेकॅनिकला विचारा. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ती पेलतो की नाही ते त्यानं आधी बघायला हवं. बसत असेल तर कॅसेट, नवी चेन आणि मजुरी मिळून दोन-तीन हजारांत घाटाचा प्रश्न बराच सुटेल.

कार्बनला मी नावं ठेवत नाही. चांगल्या रोडबाईकवर बसल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच हसू फुटतं, हे खरं आहे. ती चपळ असते, सपाट रस्त्यावर वाकून बसल्यामुळं वारा कमी अडतो आणि ताशी पंचवीस-तीसच्या वेगात सायकलस्वाराची लढाई मुख्यतः वाऱ्याशीच असते. पण हा फायदा ॲल्युमिनियमच्या रोडबाईकवरही जवळजवळ तेवढाच मिळतो, कारण वारा अडवतं ते शरीर, फ्रेम नव्हे. साठ ते नव्वद हजारांत तशी सायकल येते. तिच्याबद्दल शेवटी बोलते.

बसण्याच्या जागेकडे वळू. याबद्दल बायका बोलत नाहीत, मेकॅनिक विचारत नाही, आणि ग्रुपमधले पुरुष "सवय होईल" म्हणतात. ओटीपोटाच्या खाली बसण्याची दोन हाडं असतात, सगळं वजन त्यांच्यावर यायला हवं. सीट अरुंद असली की वजन त्या हाडांच्या मधल्या मऊ भागावर येतं, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात, आणि बधिरपणा येतो. सवयीनं तो जात नाही. बायकांच्या या हाडांमधलं अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि सायकलबरोबर येणारी सीट कोणाच्याच मापाची नसते. माप घरीच काढता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, पाय थोडे उचलून किंचित पुढं झुका आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून दुकानात न्या. तिथं "लेडीज सीट" म्हणून जाड गादीची, जेलनं भरलेली काहीतरी दाखवतील. ती घेऊ नका. मऊ गादीत हाडं रुततात आणि गादी मधल्या भागाला वर दाबते. लांब अंतराला थोडी कडक, योग्य रुंदीची, मधे खाच असलेली सीट बरी. दोन ते पाच हजारांत मिळते. दुकानदार आठवडाभर वापरून परत घ्यायला तयार असेल तर दोनशे रुपये जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या.

सीट घेण्याआधी फुकटातली दुरुस्ती मात्र करून बघा. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा तिथं सरळ व्हायला हवा. होत नसेल तर सीट खाली आहे. पाय पुरवताना कंबर एका बाजूला झुकत असेल तर वर आहे. मग सीटचं टोक बघा. ते वर उचललेलं असेल तर निम्मा बधिरपणा त्याचाच. अ‍ॅलन कीनं एक बोल्ट सैल करून सीट समपातळीवर आणायला पाच मिनिटं पुरतात.

शॉर्ट्सवर खर्च करा, बिनधास्त करा. पण ११,००० चा सेट एक घेण्यापेक्षा अडीच-तीन हजारांच्या दोन घ्या, जर्सी तूर्त राहू द्या. कारण आपल्याकडचा पाऊस. आषाढ-श्रावणात पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर पॅड घालून तीन तास बसलात तर कातडीचे जे हाल होतात त्यावर कोणत्याही किमतीचं क्रीम चालत नाही. आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगते: त्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. आतली शिवण घासू नये यासाठीच तर तो पॅड असतो.

यावरून तुमच्या मिस्टरांच्या पोदेराकडे येऊ. वाक्य छान आहे, चारचौघांत टाळी घेईल. पण पोदेराकडे नीट बघा. दर दहा-वीस घरांगणिक तो उतरतो, पाव मोजून देतो, सुट्टे घेतो, पुन्हा चढतो. सलग दहा तास तो कुठं बसतो? आणि त्याची सायकल साधी आहे असं कोणी सांगितलं? मागं मोठी टोपली पेलणारा मजबूत कॅरियर, टोपलीवर पाव ऊबदार राहावेत म्हणून प्लास्टिक, मुठीशी दाबायचा भोंगा, जो ऐकला की अर्धा वाडा बाहेर येतो. त्याच्या कामाला जे लागतं ते सगळं त्याच्या सायकलवर आहे. तुम्हीही तुमच्या कामाला लागतं तेच लावायचं म्हणता आहात. मिस्टरांना हेच सांगा, त्यांच्याच उदाहरणानं.

बाकी यादी पटापट घेते.

रडारवाला टेललाईट मागून येणारी गाडी आधीच कळवतो. राष्ट्रीय महामार्गावर रोज जाणाऱ्याला त्याचा खरोखर उपयोग आहे, मी त्याला चैन म्हणणार नाही. पण १८,००० घालायच्या आधी हॅंडलच्या उजव्या टोकाला पाचशे रुपयांचा आरसा लावा आणि महिनाभर बघा. त्याहून आधी, पुढं-मागं चांगले दिवे घ्या. डिसेंबरात आपल्याकडं पावणेसातच्या पुढं नीट उजाडतं आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ब्रेव्हे सकाळी सहाला सुटली तर साडेतेरा तास संध्याकाळी साडेसातला संपतात. म्हणजे दोन्ही टोकांना अंधार. दिवे आणि चकाकणारं जॅकेट ब्रेव्हेच्या नियमातच आहे. साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर खड्डा दिसावा एवढा पुढचा दिवा हवा, नुसता लुकलुकणारा नको. तीन-चार हजारांत दोन्ही दिवे होतात. माझ्या मते तुमची पहिली खरेदी हीच असावी.

जीपीएस कॉम्प्युटर काढून टाका. फोन तेच करतो. पावसात ओल्या काचेवर बोट चालत नाही, हे खरं, पण डिसेंबरात पाऊस नाही. एक पॉवरबँक बरोबर ठेवा म्हणजे झालं. गॉगल हवा, धूळ आणि चिलटं डोळ्यांत जातात म्हणून. आठशे-हजाराचा पुरतो. क्लीटचे बूट हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा विषय. त्यात पाय पेडलला जखडलेला असतो आणि शिकताना सिग्नलवर जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी उभ्याचा आडवा होतो. क्लीटचा कोन चुकला तर गुडघा धरतो. ब्रेव्हेला तीन महिने उरलेले असताना तर मी ते नकोच म्हणेन. कडक तळव्याचे साधे बूट आणि पकड असलेलं पेडल चालेल.

टायर मात्र बदला. हायब्रिडला दुकानातून खडबडीत, जाड टायर बसवून देतात, जणू आपण सगळे म्हादईच्या जंगलातच जाणार. डांबरी रस्त्यावर ते खडबडीत दाते ताकद खातात. त्याच रिमवर ३२ मिलिमीटरचे, गुळगुळीत आणि आतून पंक्चररोधक पट्टी असलेले चांगले टायर बसवा. जोडीला तीन-साडेतीन हजार पडतील आणि पहिल्याच रविवारी फरक कळेल. हवा दर आठवड्याला, मीटर असलेल्या पंपानं भरा. ट्यूबमधून हवा आपोआप थोडी-थोडी जातच असते.

आणि पंक्चर स्वतः काढायला शिका. शिकायला पैसे लागत नाहीत. महामार्गावर आपल्याला सर्वांत जास्त छळतात त्या ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या केसाएवढ्या बारीक तारा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हळूच पूर्ण गोल फिरवा, जिथं टोचेल तिथं थांबा आणि चिमट्यानं तार ओढा. हे न करता नवी ट्यूब घातली तर पुढच्या पाच किलोमीटरमध्ये तीही जाते, आणि मग माणूस ट्यूबच्या कंपनीला शिव्या देत बसतो. दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, चिमटा. सगळं हजार-बाराशेत सीटखालच्या पिशवीत मावतं.

गोव्यात सायकल ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी हा परिच्छेद, फक्त तुमच्यासाठी नाही. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्याच्या बाजूला हवाच खारी. महागातली महाग सायकल अंगणात, पत्र्याखाली ठेवली की एका पावसाळ्यात तिचे बोल्ट तांबडे होतात. कार्बन गंजत नाही म्हणून खूश होणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की कार्बनला चिकटलेलं ॲल्युमिनियम खाऱ्या दमट हवेत झिजतं, आणि वर्षभर न हलवलेली सीटची नळी फ्रेममध्ये अशी बसते की निघता निघत नाही. सायकल घरात घ्या. भिजून आल्यावर बादलीभर पाण्यानं लाल चिखल काढा, पण सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा नको, त्यानं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. चेन फडक्यानं कोरडी पुसून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल, आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. वरून चिकचिकीत राहिलेली चेन लाल धूळ धरते आणि ती धूळच मग कानसेसारखी दाते खाते. चेन किती ताणली ते दाखवणारी पट्टी तीन-चारशेला मिळते. चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते. मडगार्ड लावायला लाजू नका. ग्रुपमध्ये हसतील. पावसात तुमच्या मागच्या माणसाच्या तोंडावर चिखल उडणार नाही, म्हणून नंतर आभारही मानतील.

आता हेल्मेट.

साडेसात हजार वाया गेले, असं मला वाटत नाही. स्वस्त असो की महाग, प्रमाणित हेल्मेटना ईएन १०७८ या युरोपीय मानकासारख्या त्याच चाचणीतून जावं लागतं. वरचे पैसे वजन कमी करायला, हवा खेळायला आणि काहींमध्ये डोकं पिरगळताना बसणारा झटका कमी करणाऱ्या आतल्या थराला जातात. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ हेल्मेटांची तपासणी करून तारे देतं, त्यात पाच तारे मिळालेल्यांत मध्यम किमतीची बरीच आहेत. तेव्हा पुढच्या वेळी एवढे घालायची गरज नाही. पण घेतलंय ते नीट बसवा. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली मिळणारे, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी जागा. आपटलं तर वरून ठीक दिसलं तरी बदलायचं, कारण आतला थर्माकोल एकदाच दबतो.

घरी सांगितलेले अठराशे मला जास्त खुपले. चवथीला नवा टीव्ही येतो, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) खर्चाचा हिशोब कोणी लपवत नाही, घरच्या मोटारीला नवे टायर पडतात त्याची पावती कोणी दडवत नाही. तुम्ही कमावता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केलं आणि साखर उतरली, असंही लिहिता. तरी पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली. दुसरीकडं, ग्रुपमध्ये तुम्हाला दोन लाखांची सायकल हवीशी वाटते, कारण तिच्याशिवाय तिथं आपलं बरोबरीचं स्थान नाही, असं वाटतं. घरी किंमत कमी सांगितली आणि ग्रुपमध्ये किंमत वाढवायची आहे. दोन्हीकडं तुम्ही परवानगीच मागताय. मला वाटतं, ती मागायची गरज दोन्हीकडं नाही. मिस्टरांना खरी किंमत एकदा सांगून टाका. दोन दिवस ऐकून घ्यावं लागेल. चिडतील ते बहुधा पैशांसाठी कमी आणि लपवल्यासाठी जास्त, आणि त्यात त्यांचं फारसं चुकणार नाही. त्यानंतर महिन्याला अमुक रक्कम माझ्या सायकलची, असं दोघांनी ठरवा. त्या रकमेतल्या वस्तूंची चर्चा घरात व्हायची गरज नाही.

ग्रुपशीही बोला. वरच्या वळणावर थांबणं हा त्यांचा चांगुलपणा आहे, पण दमलेला माणूस पोचला रे पोचला की निघायचं, हा नव्हे. पाच मिनिटं टीचरांसाठी, असं सरळ म्हणा. सपाट रस्त्यावर मागं पडत असाल तर पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर-दोन हात अंतर ठेवून चालवायला कोणाकडून तरी शिका. पुढचा वारा कापतो आणि मागच्याची पाव हिश्शाहून जास्त मेहनत वाचते. ग्रुपच्या शेपटाला, पंधरा मीटर मागं, एकटीनं वारा कापत जाणं ही सर्वांत महागडी जागा आहे, आणि नवीन माणूस संकोचानं नेमका तिथंच राहतो. ब्रेव्हेतही इतर सायकलस्वारांमागून जायला मुभा असते.

मुदत ठेव आत्ता मोडू नका. बारावीनंतर प्रवेशाचं काय होतं ते बघू द्या. माझ्या हिशोबानं दिवे, सीट, दोन शॉर्ट्स, टायर, कॅसेट, पंक्चरचं सामान, आरसा, मडगार्ड, गॉगल मिळून वीस हजारांच्या आसपास येतं. त्यावर ब्रेव्हे करा. झाल्यावरही रोडबाईकची इच्छा तशीच राहिली तर ग्रुपमधल्या तुमच्या उंचीच्या कोणाची तरी एका रविवारी मागून घ्या आणि चोर्ल्यालाच न्या, सपाट मिरामारच्या रस्त्यावर नको. मग ॲल्युमिनियमची नवी की कोणी हौसेनं घेऊन गॅलरीत टांगून ठेवलेली जुनी, ते ठरवा. जुनी कार्बन घेणार असाल तर जाणकार मेकॅनिकला फ्रेम दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आपटलेल्या कार्बनची भेग रंगाखाली लपते.

हे सगळं प्रत्येकाला लागू नाही. पणजीत घरापासून ऑफिसपर्यंत पाच किलोमीटर जाणाऱ्याला पॅडच्या शॉर्ट्सची गरज नाही, दिवे आणि मजबूत कुलूप हवं. मिरामारहून निघणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉन शर्यतीत ९० किलोमीटर सायकल मारून पुढं २१ किलोमीटर धावायचं ज्यांना आहे, त्यांच्यासाठी वारा कापणारं सामान हा वेगळा विषय. त्यांनीही चाकांवर लाखभर घालायच्या आधी वाकून बसायची ढब दुरुस्त करून घ्यावी, वारा अडतो तो जास्त करून अंगानंच.

तुमच्या वेळापत्रकाचं एक शेवटचं. सीट आणि शॉर्ट्स चवथीच्या आसपास घ्या म्हणजे डिसेंबरपर्यंत दोन-तीनदा ऐंशी-शंभर किलोमीटर त्यांच्यावर होतील. ब्रेव्हेच्या दिवशी अंगावर किंवा सायकलवर एकही वस्तू पहिल्यांदा वापरू नका, कोणी भेट दिलेली जर्सीसुद्धा नाही. नवी सीट लावल्यावरही बधिरपणा राहिला, किंवा सायकलवरून उतरल्यावर तासाभरात गेला नाही, तर पुढची राईड सोडा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पुठ्ठ्यावरचं माप किती आलं ते मला जरूर कळवा.